शोधत येणाऱ्या ग्राहकासाठी: इनबाउंड मार्केटिंगची पायरीपायरीने उभारणी

व्यवसायाला नवा ग्राहक मिळण्याच्या ढोबळमानाने दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने व्यवसाय ग्राहकाकडे जातो. तो जाहिरात दाखवतो, फोन करतो, न मागितलेले संदेश पाठवतो आणि समोरच्याचे चाललेले काम थांबवून त्याचे लक्ष वेधून घेतो. दुसऱ्या वाटेने ग्राहक स्वतःच निघालेला असतो. त्याच्यापुढे एखादी अडचण असते, तिच्याविषयी तो इंटरनेटवर शोधतो, वाचतो, तुलना करतो आणि ज्याच्या माहितीवर त्याचा विश्वास बसतो त्याच्याशी संपर्क साधतो. ही दुसरी वाट नियोजनपूर्वक बांधून काढण्याच्या कामाला इनबाउंड मार्केटिंग म्हणतात. ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शाह यांनी २००६ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या हबस्पॉट या कंपनीमुळे ही संज्ञा जगभर रूढ झाली.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे, आणि नेमका तो क्रमच बहुतेक ठिकाणी उलटा लावला जातो. आधी समाजमाध्यमांवर खाती उघडली जातात, मग रोज काहीतरी टाकायला हवे म्हणून सजवलेली चित्रे टाकली जातात, आणि काही महिन्यांनी यातून काहीच मिळत नाही असा निष्कर्ष निघतो. ग्राहक नेमके काय विचारतो आहे, याचा शोध या सगळ्यात कोणी घेतलेलाच नसतो. या लेखात आपण त्या शोधापासून सुरुवात करू आणि माध्यमांचा विचार सर्वांत शेवटी, तोही थोडक्यात करू. मुद्दे स्पष्ट व्हावेत म्हणून एकच उदाहरण घेऊ: इमारतींची पाणीगळती थांबवणारा, म्हणजे वॉटरप्रूफिंग करणारा एक व्यवसाय. आपला व्यवसाय वेगळा असला तरी पायऱ्या बदलत नाहीत.

वेळेविषयीची अपेक्षा मात्र आधीच ठरवून घ्यावी. सर्च इंजिनसाठी केलेल्या सुधारणांचा लाभ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. ज्या व्यवसायाला पुढच्या पंधरवड्यातच ग्राहक हवे आहेत, त्याने जाहिराती आणि जुन्या ग्राहकांच्या शिफारशी यांवर भर द्यावा आणि हे काम त्याच्या जोडीने सुरू ठेवावे.

पहिली पायरी: प्रश्न गोळा करणे

एक साधा तक्ता उघडावा आणि त्यात चार रकाने करावेत: ग्राहकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत, तो कोणत्या टप्प्यावर विचारला, आपण काय उत्तर दिले आणि पुढे काय झाले. महिनाभर येणारे फोन, ईमेल, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि प्रत्यक्ष भेटी यांतून हा तक्ता भरत न्यावा. मालकापेक्षा फोन उचलणाऱ्या आणि जागेवर जाऊन काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे प्रश्न अधिक ठाऊक असतात, म्हणून त्यांना या कामात सुरुवातीपासून घ्यावे. दरपत्रक घेऊन गेले पण परत आले नाहीत, अशा लोकांचे प्रश्न सर्वांत मोलाचे असतात, कारण निर्णय नेमका कुठे अडला हे त्यांतून कळते.

प्रश्न लिहिताना त्याची भाषा सुधारू नये. व्यावसायिक माणूस "पॉलियुरेथेन कोटिंग" किंवा "जलरोधक लेपन" म्हणतो. घरात बसलेला माणूस "छतातून पाणी गळतंय" किंवा "भिंतीला ओल येते, रंग सुटतो" असे म्हणतो आणि तेच शब्द शोधपेटीत टाइप करतो. आपल्या वेबसाइटवर केवळ पहिली भाषा असेल, तर उपाय आपल्याकडे असूनही त्या माणसाची आणि आपली गाठ पडत नाही.

तक्ता तयार होत आला की त्याला शोधाच्या आकडेवारीची जोड द्यावी. गूगलच्या शोधपेटीत प्रश्नाचे पहिले काही शब्द टाइप केल्यावर जे पर्याय सुचवले जातात, ते लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवर आधारलेले असतात. निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्नही उतरवून घ्यावेत. कोणत्या विषयाची मागणी कोणत्या काळात वाढते हे गूगल ट्रेंड्सवर कळते. पाणीगळतीचे शोध पावसाळ्याच्या सुमारास वाढत असतील, तर त्याविषयीची पाने त्याच्या बरेच आधी तयार हवीत. गूगल ॲड्सच्या खात्यातील कीवर्ड प्लॅनरमध्ये शोधांचे अंदाजे प्रमाण मिळते. हे आकडे पाहून एक मोह मात्र टाळावा: ज्या प्रश्नाचा शोध कमी होतो तो बिनमहत्त्वाचा, असे समजू नये. "छताच्या जुन्या टाइल्स न काढता वॉटरप्रूफिंग होते का" असे महिन्यात थोडेच लोक विचारतील, पण जो विचारतो तो काम देण्याच्या अगदी जवळ आलेला असतो.

दुसरी पायरी: कोणती पाने आधी लिहायची

गोळा झालेले प्रश्न सहसा तीन अवस्थांतून आलेले असतात. काहींना अडचण आहे पण तिचे कारण माहीत नाही; काहींना कारण कळले आहे आणि ते उपायांची तुलना करत आहेत; तर काहींचा उपाय ठरला आहे आणि काम कोणाला द्यावे एवढेच ठरवायचे आहे. वेबसाइटवर या तिन्ही अवस्थांसाठी मजकूर हवा, परंतु लेखनाची सुरुवात तिसऱ्या अवस्थेपासून करावी असे माझे ठाम मत आहे. तिथे वाचक कमी असतात, पण त्यांच्यातून ग्राहक लवकर होतात, आणि पहिल्या काही महिन्यांत मोजक्या का होईना, चांगल्या चौकशा आल्या तर पुढचे दीर्घ काम करण्याचा उत्साह टिकतो.

या तिसऱ्या अवस्थेतले प्रश्न बहुतेक व्यवसाय टाळतात. खर्च किती येतो, दोन पद्धतींत कोणती चांगली, काम बिघडण्याची कारणे कोणती, हमीत काय बसते आणि काय बसत नाही, ही सेवा कोणी घेऊ नये. या प्रश्नांची उत्तरे "प्रत्यक्ष भेटीत सांगू" म्हणून बाजूला ठेवली जातात. ग्राहक तोवर थांबत नाही. त्याला उत्तर देणारे दुसरे कोणीतरी सापडते आणि विश्वास तिथे बसतो.

खर्चाविषयी लिहायचे म्हणजे एकच आकडा जाहीर केला पाहिजे असे नाही. खर्च कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, हे समजावून सांगितले तरी वाचकाचे अर्धे काम होते. आपल्या उदाहरणात क्षेत्रफळ, जुना थर खरवडून काढावा लागणे, तड्यांचे प्रमाण, छतावर साहित्य चढवण्याची सोय, उताराची दुरुस्ती आणि थरांची संख्या हे घटक खर्च ठरवतात. प्रत्येक घटकाविषयी एक परिच्छेद लिहावा, शक्य असेल तर नेहमीच्या कामांची किमान आणि कमाल मर्यादा द्यावी, आणि दोन दरपत्रकांत मोठा फरक दिसला तर तो कशामुळे असू शकतो हेही सांगावे. असे पान वाचून फोन करणारा माणूस निम्मी तयारी करून आलेला असतो. ज्याचे अंदाजपत्रक जुळत नाही तो फोन करत नाही, आणि दोघांचाही वेळ वाचतो.

तिसरी पायरी: एक पान नीट लिहिणे

आता पहिल्या अवस्थेतला एक प्रश्न घेऊ आणि त्याचे पान कसे उभे राहते ते जवळून पाहू. प्रश्न असा आहे: "भिंतीला ओल आली आहे, पाणी कुठून येतंय हे कसं ओळखायचं?"

पानाची सुरुवात कंपनीच्या स्थापनेच्या इतिहासाने किंवा "आजच्या धावपळीच्या युगात" अशा वाक्याने करू नये. पहिल्याच परिच्छेदात उत्तराचा गाभा द्यावा: ओल मुख्यत्वे बाहेरून झिरपणारे पाणी, नळवाहिनीतील गळती किंवा हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचणे यांमुळे येते आणि या कारणांतला फरक काही अंशी घरच्या घरी तपासता येतो. त्यानंतर तपासणी क्रमाने द्यावी. पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी ओल तशीच राहते किंवा वाढते, तर नळवाहिनीचा संशय अधिक. घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा पाहावा. पाणी न वापरताही तो पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ओल्या डागाचा पृष्ठभाग पुसून कोरडा करावा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला जमले असतील तर ते हवेतले बाष्प असण्याची शक्यता जास्त, आणि भिंतीच्या बाजूला जमले असतील तर पाणी भिंतीतून येत आहे.

यानंतरचे वाक्य माझ्या दृष्टीने संपूर्ण पानातील सर्वांत महत्त्वाचे आहे: "मीटर पुढे सरकत असेल, तर आम्हाला बोलावण्याआधी प्लंबरला बोलवा, वॉटरप्रूफिंगने ही गळती थांबणार नाही." इथे व्यवसाय एक काम सोडून देतो, पण वाचकाला तो माणूस आपल्या बाजूने बोलतो आहे हे जाणवते. पुढे कधी छत गळले, तर कोणाला फोन करायचा हे त्याच्या मनात तेव्हाच ठरलेले असते.

या पानावर दुसरीकडून उचललेली छायाचित्रे वापरू नयेत. आपल्याच कामांवर काढलेली, मालकाची परवानगी घेतलेली छायाचित्रे वापरावीत आणि प्रत्येकाखाली त्यात काय पाहायचे हे एका वाक्यात सांगावे. लेखकाचे नाव, त्याचा कामाचा अनुभव आणि मजकूर अद्ययावत केल्याची तारीख द्यावी. मजकुराचा दर्जा तपासणाऱ्या परीक्षकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या निकषांच्या जोडीला प्रत्यक्ष अनुभवाचा निकष घातला. फॉइल लावून पाहिलेल्या माणसाचा मजकूर आणि चार लेख वाचून तयार केलेला मजकूर यांत वाचकालाही फरक कळतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी इथेच सांगितले पाहिजे. प्रश्नांची वर्गवारी, मसुद्याची रचना आणि शुद्धलेखन यांसाठी ती उपयोगी आहेत. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो उपयुक्त आहे का हे पाहिले जाते, अशी भूमिका गूगलने २०२३ मध्ये मांडली. मात्र केवळ क्रमवारीत वर येण्यासाठी मोठ्या प्रमाणावर तयार केलेली निरुपयोगी पाने, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने, मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणाखाली स्पष्टपणे आणली गेली. शिवाय मे २०२४ पासून गूगलने निकालांच्या वरच यंत्राने तयार केलेली सारांशरूप उत्तरे दाखवायला सुरुवात केली, आधी अमेरिकेत आणि नंतर इतर देशांत. "वॉटरप्रूफिंग म्हणजे काय" यासारख्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला आता तिथेच मिळते आणि तो कोणत्याही पानावर जात नाही. म्हणून व्याख्या देणारी पाने लिहिण्यात वेळ घालवू नये. आपली मोजमापे, आपली छायाचित्रे, आपल्याकडे फसलेल्या आणि यशस्वी झालेल्या पद्धती हे जे दुसरीकडे मिळणार नाही, ते लिहावे.

चौथी पायरी: पान सापडेल आणि उघडेल याची व्यवस्था

तांत्रिक बाजूचा बाऊ करण्याचे कारण नाही, पण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर उत्तम मजकूरही कोणाला दिसत नाही. प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे आणि त्यात ग्राहकाचा प्रश्न त्याच्या शब्दांत यावा. शोधनिकालात शीर्षकाखाली दिसू शकणारे वर्णन क्रमवारी ठरवत नाही, पण पान उघडावे की नाही हे वाचक त्यावरून ठरवतो, म्हणून तेही स्वतः लिहावे. पानाच्या आत लपवून लिहायच्या कीवर्ड टॅगचा मात्र विचार सोडून द्यावा. वेबवरील शोधाची क्रमवारी लावताना आपण तो वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. एका पानावरून संबंधित दुसऱ्या पानाकडे जाणारे दुवे द्यावेत, आणि दुव्याच्या शब्दांतून पुढे काय आहे हे कळावे. "येथे क्लिक करा" यातून ते कळत नाही.

वेबसाइट गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनाशी जोडावी आणि पानांची यादी असलेला साइटमॅप तिथे सादर करावा. कोणती पाने गूगलने नोंदवली, कोणती नोंदवली नाहीत आणि का, कोणत्या शब्दांवर आपली पाने दिसतात, हे सर्व तिथे दिसते. नवी वेबसाइट बांधताना सर्च इंजिनांना मज्जाव करणारी "नोइंडेक्स" ही सूचना तात्पुरती घातलेली असते आणि वेबसाइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. महिनोन्‌महिने एकही वाचक न येण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी.

गूगल पानांची नोंद घेताना मोबाइलवरील आवृत्तीच पाहते, म्हणून आपले प्रत्येक पान आधी स्वतःच्या फोनवर, आणि शक्यतो संथ जोडणीवर उघडून पाहावे. गतीचे तीन निकष गूगलने दिले आहेत: पानातील मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे हलण्याचे मान ०.१ च्या आत असावे. मोफत पेजस्पीड इन्साइट्समध्ये पत्ता टाकला की हे आकडे मिळतात. लहान व्यवसायांच्या वेबसाइटवर संथपणाचे कारण बहुधा एकच असते: कॅमेऱ्यातून काढलेली भलीमोठी छायाचित्रे लहान न करता तशीच चढवलेली असतात.

ग्राहक आपल्या ठिकाणी येत असेल किंवा आपण ठरावीक परिसरात सेवा देत असू, तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, पूर्ण भरावे. व्यवसायाचे नाव, पत्ता, फोन आणि कामाच्या वेळा सर्व ठिकाणी सारख्याच असाव्यात. काम संपल्यावर प्रत्येक ग्राहकाला अभिप्राय देण्याची विनंती करावी, केवळ खूश ग्राहकांना नाही; अभिप्राय विकत घेऊ नयेत आणि त्यांच्या बदल्यात सवलतही देऊ नये, कारण दोन्ही गोष्टी नियमांविरुद्ध आहेत. नाराज अभिप्रायाला उत्तर लिहिताना ते तक्रारदारापेक्षा पुढचे शेकडो लोक वाचणार आहेत हे लक्षात ठेवावे, आणि वाद न घालता काय झाले व काय केले एवढे सांगावे.

इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे विश्वासार्हता वाढवतात. क्रमवारी वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि "महिन्याला इतके दुवे देतो" अशी हमी देणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नये. साहित्य पुरवणारे उत्पादक, व्यावसायिक संघटना, आपल्या कामाला पूरक काम करणारे वास्तुविशारद किंवा प्लंबर यांना आपले एखादे तपासणीचे पान खरोखर उपयोगी वाटले, तर ते त्याचा दुवा देतात.

पाचवी पायरी: वाचकापासून चौकशीपर्यंत

पान वाचून झाल्यावर वाचकाने पुढे काय करायचे, हे त्याला त्याच पानावर सांगितले पाहिजे, आणि ते त्याच्या अवस्थेला साजेसे असले पाहिजे. ओल कुठून येते हे शोधणाऱ्या माणसापुढे "आजच काम सुरू करा" असे बटण ठेवणे घाईचे आहे. त्याला तपासणीचा छापण्याजोगा तक्ता द्यावा किंवा छायाचित्र पाठवून मत विचारण्याची सोय द्यावी. खर्चाचे पान वाचणाऱ्यापुढे मात्र भेटीची वेळ ठरवण्याचा पर्याय सरळ ठेवावा.

फॉर्ममध्ये जेवढे रकाने वाढतात तेवढे लोक तो अर्धवट सोडतात. आपल्या व्यवसायासाठी नाव, फोन किंवा ईमेल, परिसर, "काय अडचण आहे ते तुमच्या शब्दांत लिहा" अशी मोकळी जागा आणि छायाचित्र जोडण्याची सोय एवढे पुरेसे आहे. मजल्यांची संख्या आणि छताचे क्षेत्रफळ नंतर विचारता येते. बटणावर "सादर करा" याऐवजी "छायाचित्र पाठवून मत विचारा" असे लिहावे आणि त्याखाली पुढे काय होईल ते सांगावे: कोण उत्तर देईल, किती वेळात, आणि भेटीचे शुल्क आहे की नाही. अनोळखी फॉर्म भरताना माणसाला वाटणारी भीती या एका ओळीने कमी होते.

ईमेल घेताना संमती स्पष्ट असावी. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या नियमावलीनुसार आधीच खूण करून ठेवलेली चौकट संमती मानली जात नाही, आणि तुमचा व्यवसाय त्या कक्षेत येत नसला तरी हीच पद्धत पाळणे योग्य आहे. चौकशीसाठी दिलेला पत्ता न विचारता न्यूजलेटरच्या यादीत घालू नये. ईमेलच्या याद्या तर कधीही विकत घेऊ नयेत. ज्यांनी आपले नावही ऐकलेले नाही अशा लोकांना पाठवलेले पत्र स्पॅममध्ये जाते आणि आपल्या डोमेनची, म्हणजे वेबसाइट आणि ईमेलच्या पत्त्यातील आपल्या नावाची, पत घालवते, आणि मग खऱ्या ग्राहकाला पाठवलेले दरपत्रकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

सहावी पायरी: उत्तर आणि पाठपुरावा

एवढे सारे करून आलेली चौकशी दोन दिवस पडून राहिली, तर आधीच्या सर्व पायऱ्या वाया जातात. फॉर्म भरणारा माणूस त्याच तासात आणखी दोघांना लिहितो, हे गृहीत धरावे. कोणत्या वेळी कोण उत्तर देणार हे ठरवून द्यावे आणि पहिले उत्तर माणसाने, चौकशी नीट वाचून द्यावे. उदाहरणार्थ: "नमस्कार. तुम्ही पाठवलेले छायाचित्र पाहिले. डाग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे छतापेक्षा चौकटीच्या सांध्यातून पाणी येण्याची शक्यता जास्त वाटते. पाऊस वाऱ्यासह पडतो तेव्हाच डाग वाढतो का, एवढे कळवाल का? त्यावरून प्रत्यक्ष भेटीची गरज आहे की नाही हे सांगता येईल." या चार-पाच ओळींत आपण छायाचित्र पाहिले हे कळते, एक तर्क मिळतो आणि उत्तर द्यायला सोपा असा एकच प्रश्न राहतो.

जे लगेच निर्णय घेत नाहीत, त्यांच्यासाठी संमती घेऊन मोजकी ईमेल्स आखावीत. पहिल्यात मागितलेला तक्ता, काही दिवसांनी दुसऱ्यात उपायांची तुलना, त्यानंतर एका पूर्ण झालेल्या कामाची हकिगत आणि शेवटी "आता गरज राहिली नसेल तर तसे कळवा" असे पत्र, एवढे बहुधा पुरते. तांत्रिक तयारीही हवी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्व प्रेषकांसाठी पत्ता प्रमाणित करण्याचे नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल्स जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आल्याची खात्री पटवणारी तिन्ही प्रमाणीकरणे आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक झाली, तसेच स्पॅम म्हणून तक्रार होण्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे भाग पडले. तुम्ही रोज पन्नासच पत्रे पाठवत असलात तरी ही तयारी करून घ्यावी. डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या जाणकाराला ते काम फार वेळाचे नसते.

समाजमाध्यमे या सर्वांनंतर येतात. तयार झालेल्या पानातील एकेक मुद्दा तिथे लहान चित्रफितीच्या किंवा छायाचित्राच्या रूपाने मांडावा. फॉइलची चाचणी मिनिटभरात दाखवता येते. ग्राहक जिथे आहेत असे एकच माध्यम निवडून ते नियमित चालवावे. यूट्यूब मात्र वेगळे धरावे, कारण तिथे लोक प्रश्न घेऊन शोधत येतात आणि जुनी चित्रफीतही वर्षानुवर्षे पाहिली जाते.

सातवी पायरी: मोजणी आणि डागडुजी

भेटींचा आकडा पाहून समाधान मानणे ही या कामातली सर्वांत सुखद आणि सर्वांत महागडी सवय आहे. समजा, एका पानावर महिन्यात १,००० लोक आले आणि त्यांतून २ चौकशा आल्या. दुसऱ्या पानावर ८० लोक आले आणि ६ चौकशा आल्या. पहिले पान आलेखात उठून दिसते, पण पुढचा वेळ दुसऱ्या पानासारखी पाने लिहिण्यात घालवायला हवा. म्हणून दर महिन्याला प्रत्येक मुख्य पानापुढे शोधातून आलेले वाचक, चौकशा, त्यांपैकी आपल्या कामाच्या चौकशा आणि मिळालेली कामे असे चार आकडे लिहावेत.

यासाठी गूगल ॲनालिटिक्स पुरेसे आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणे थांबवले, त्यामुळे त्याआधी बसवलेली मोजणी आजही चालते आहे का, हे एकदा तपासावे. फॉर्म पूर्ण होणे, फोनच्या दुव्यावर स्पर्श होणे आणि तक्ता उतरवून घेणे या घटना मुख्य घटना म्हणून नोंदवाव्यात. ईमेल आणि समाजमाध्यमांवर दिलेल्या दुव्यांना स्रोत, माध्यम आणि मोहीम सांगणारी यूटीएम चिन्हे जोडावीत, आणि त्यांची नावे एकाच पद्धतीने लिहावीत. इंग्रजी नावांत लहान आणि मोठी लिपी मिसळली तर अहवालात एकाच स्रोताचे दोन होतात. ईमेल किती जणांनी उघडले या आकड्यावर विसंबू नये, कारण ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेली पत्रेही उघडल्यासारखी नोंदली जाऊ शकतात. उत्तरे आणि दुव्यांवरील क्लिक मोजावेत. फोनवर आलेल्या प्रत्येक नव्या ग्राहकाला "आमच्याविषयी कुठे कळलं?" हे विचारून त्याचे उत्तर त्याच तक्त्यात लिहावे. शेजाऱ्याने पाठवलेला दुवा वाचून आलेला माणूस कोणत्याही अहवालात नीट दिसत नाही, तो या प्रश्नातूनच कळतो.

दर तीन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडून दोन प्रकारची पाने शोधावीत. काही पाने निकालांत वारंवार दिसतात पण उघडली जात नाहीत. त्यांचे शीर्षक आणि वर्णन प्रश्नाच्या भाषेत पुन्हा लिहावे. काही पाने शोधनिकालांच्या पहिल्या पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर अडकलेली असतात. लोक कोणत्या शब्दांनी तिथवर आले ते पाहावे, मजकुरात राहून गेलेले उत्तर भरावे, नवी छायाचित्रे घालावीत आणि आपल्याच इतर पानांवरून त्यांच्याकडे दुवे द्यावेत. नवे पान लिहिण्यापेक्षा अशा डागडुजीचे फळ बहुधा लवकर मिळते.

एकाच प्रश्नावर आपलीच दोन पाने झाली असतील, तर ती एकमेकांची वाट अडवतात. त्यांपैकी चांगले पान ठेवावे, दुसऱ्यातील उपयोगी भाग त्यात आणावा आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन लावावे. जुने पान नुसते पुसून टाकले, तर त्याला इतरांनी दिलेले दुवे निकामी होतात आणि जतन करून ठेवलेला पत्ता उघडणाऱ्या वाचकाला रिकामे पान दिसते. कोणता जुना पत्ता कोणत्या नव्या पत्त्याकडे वळवला, याची यादी प्रश्नांच्या तक्त्यासोबतच ठेवावी. पुढे वेबसाइट नव्याने बांधायची वेळ आली की बांधणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी हीच यादी द्यावी लागते.